तांबडीला ताप नव्हता

पडदा वर जावा आणि समोर दिसावा एक लांबलचक तबेला. चुना फासलेल्या भिंती, दाराशी जंतुनाशकाच्या पाण्याची घमेली, आणि परदेशातून विमानानं आलेले घोडे कठड्यांवरून माना काढून उभे. बाहेर फाटकाशी ट्रकांची रांग. आज विलगीकरण संपायचं. एक सही झाली की जो तो घोडा आपल्या मालकाच्या पागेत.

ती सही डॉक्टरबाईंची. उभं आयुष्य जनावरांत गेलेलं. नवरा पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या हिला अत्तर नको, फिनेलची बाटली आणा!" आणि सगळ्यांत मोठ्यानं बाईच हसायच्या.

आज मात्र हसू नव्हतं. तांबड्या घोडीचं शेपूट बाजूला धरून त्यांनी थर्मामीटर लावला. ताप नाही. पण डोळे पाणावलेले, मागचे पाय किंचित सुजलेले, चारा जसाच्या तसा.

"प्रवासाचा शीण हो, बाई," घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार म्हणाला. सगळे त्याला मामा म्हणत. विमानातही तो तांबडीला खेटूनच उभा राहून आला होता.

"मग हा शीण इतके दिवस लपून बसला होता होय, मामा?"

मामानं नजर चुकवली. बाईंनी रांगेतल्या बाकीच्या घोड्यांकडे पाहिलं. एक जरी जनावर साथ घेऊन बाहेर पडलं, तर पागाच्या पागा आजारी पडतील, गाभण घोड्या गाभ टाकतील.

त्यांनी स्टूल ओढलं आणि तांबडीसमोर ठाण मांडलं. "मी बसते. ट्रक थांबू देत."

तांबडीच्या मालकांचा मॅनेजर जाळीपलीकडून तणतणला, "ताप नाही म्हणता ना? मग घोडीनं काय कानात येऊन सांगितलं तुम्हाला?"

"ती बोलत नाही म्हणूनच मला पगार मिळतो. आरडाओरडा करू नका, घोडे बिचकतात."

दुपार कलली. मामा झाडलेली जागाच पुन्हा झाडत होता. एवढ्यात तांबडीच्या खांद्यावरून शहारा सरसरत गेला. बाईंनी पुन्हा थर्मामीटर लावला. या वेळी ताप होता, चांगलाच होता.

मामाच्या हातून झाडू गळला. "काल संध्याकाळी अंग चटचट भाजत होतं हिचं. मीच ताप उतरवायचं औषध पाजलं, बाई. ताप दिसला असता तर साथ म्हणून तुम्ही मारलं असतं हिला!"

बाई ओरडल्या नाहीत. आवाज उलट खाली आला. "औषध पाजून कुठं गेलात?"

इथला नेम असा, की धडधाकट जनावरांचं दाणापाणी आधी आणि शंकेच्या जनावराचं अगदी शेवटी. पण आजार लपवायचा, तर तांबडीला शंकेची म्हणायचं कसं? रोजच्यासारखं तिचं लाडानं आधी केलं आणि मग त्याच हातांनी, त्याच बादलीनं...

"सगळ्यांकडे गेलो," मामा पुटपुटला.

बाईंनी फाटकाशी जाऊन ट्रक रिकामे परत पाठवले. मॅनेजरनं आकाशपाताळ एक केलं. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. त्या सुई घेऊन आल्या, तेव्हा मामा घोडीच्या मानेला बिलगून उभा होता.

"मारणार का हो हिला?"

"रक्त तपासल्याशिवाय मलाच ठाऊक नाही, मामा, आणि खोटा धीर मला देता येत नाही. हातमोजे चढवा आणि डोकं धरा तिचं. तुमच्याच हाताला ती शांत उभी राहील."