फोटो नसलेली निधनवार्ता

नारायणगावाला लागून वारूळवाडीत आमच्या स्थानिक बातम्यांच्या ॲपचं ऑफिस होतं. जुन्नर-आंबेगावात लोक ते ॲप मुख्यतः निधनवार्तांसाठी उघडत. कोण गेलं, दशक्रिया कुठे, किती वाजता. त्या वार्ता मी भरत असे.

तळेघरकडचा एक शेतकरी आईची वार्ता द्यायला आला. आई सुईण होती. तिने ज्यांची बाळंतपणं केली त्या बायका आता कुठे कुठे पांगल्या होत्या. त्यांचे नंबर त्याच्याकडे नव्हते.

"तुमच्या मोबाईलात आलं की समद्यांना कळंल," तो म्हणाला.

फोटो मागितल्यावर त्याने आधार कार्ड पुढे केलं आणि लगेच मागे घेतलं.

"ह्यो नको राव. ह्यात ती चोरावानी दिसती."

दुसरा फोटो नव्हता. फोटोचा रकाना रिकामा ठेवून मी वार्ता सेव्ह केली. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती दिसत होती. मोबाईलवर मी पाहिलं नाही.

दशक्रिया डिंभ्याला नदीकाठी होती. सकाळी मी गेलो तेव्हा अकरा माणसं होती. स्वयंपाक बराच केला होता.

"एवढी पोरं जगात आणली म्हातारीनं," तिचा दीर म्हणाला, "एकाला बी हितली वाट घावली न्हाई व्हय?"

तिच्या मुलाने मोबाईल माझ्यासमोर धरला. "भाऊ, ह्याच्यात आई न्हाईच."

"ऑफिसात दिसतेय."

"ऑफिसात कोण बघाया येतंय?"

दुपारी ॲप बनवणाऱ्याने कारण दाखवलं. आम्ही भरलेली माहिती मोबाईलमध्ये पोचली, की ॲप तिच्यातून नाव, गाव, तारीख, फोटो असे ठरलेले रकाने भरून एकेक वार्ता तयार करतं. आवश्यक रकाना रिकामा निघाला, तर ती वार्ता तयारच होत नाही. ॲप ती सोडून पुढे जातं आणि कुणाला काही कळत नाही. फोटो आवश्यक धरायला मीच सांगितलं होतं. फोटो नसला की दिसणाऱ्या रिकाम्या करड्या चौकटी वाईट दिसत होत्या.

त्याने ती अट काढली. वार्ता लगेच दिसू लागली. अर्ध्या तासात एका बाईचा फोन आला.

"भाऊ, ह्यात दशक्रियेचं आज सकाळचं लिवलंय. उद्याचं आसंल ना? माझी दोन्ही बाळंतपणं तिनंच केली व्हती. आमी निघतोय."

मी तारीख पुन्हा तपासली.

"तारीख बरोबर आहे," मी म्हणालो.