पूजेतलं हत्यार

खंडेनवमी आली की ती घटना मला हटकून आठवते. तेव्हा मी दौंडला निरीक्षक होतो. नावं कोणाचीच देणार नाही. ज्याचं नाव फुकटात गाजलं, त्याच्या वाट्याला पुन्हा तेच नको.

नवमीच्या संध्याकाळी ठाण्यात फोन आला. शहराबाहेरच्या रस्त्यावर गोळीबार, एक जखमी. जखमी मूळचा भांडगावचा, प्लॉटिंगचा धंदा करणारा. पांढरी गाडी आणि मागेपुढे चार पोरं, असा त्याचा थाट. आम्ही दवाखान्यात पोहोचलो तेव्हा एका चॅनेलचा वार्ताहर खाटेपाशी माईक धरून उभा होता. म्हणजे आमच्या आधी जबाब त्यानेच नोंदवला होता. मोटरसायकलवरून दोघे आले आणि गोळ्या झाडून पळाले, असं जखमी सांगत होता. संशय कोणावर, तर कवठे येमाईच्या एका तरुणावर. दोघांचं बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे बैल धावतात त्या पट्ट्यावर, भांडण झालं होतं आणि त्याचा व्हिडिओ तालुकाभर फिरला होता.

आम्ही परत येऊन गुन्हा दाखल करेपर्यंत टीव्हीवर 'दौंड हादरलं' सुरू झालं होतं. गँगवॉर, तीन राउंड, आणि त्या तरुणाच्या फोटोभोवती लाल गोल. हा मुलगा शिरूरकडे एमआयडीसीत नोकरीला. मी कारखान्यात फोन करून विचारलं, तर घटनेच्या वेळी तिथे मशिनची पूजा चालली होती आणि अख्ख्या शिफ्टने त्याला तिथे पाहिलं होतं. हे मी वार्ताहराला सांगितलं. तो म्हणाला, "मग माणसं पाठवली असतील, साहेब." उचलली जीभ लावली टाळ्याला!

दसऱ्याच्या सकाळी मुलाला चौकशीला बोलावलं. सोबत वडील आले. गाव त्यांना आबा म्हणायचं. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"सायेब, पोराचं पाटसला जमलंय. दिवाळी झाली की साखरपुडा हुता. आज सकाळीच पावण्यांचा फोन आला, जरा थांबा म्हणत्यात. त्यास्नी काय सांगू?"

"तपास होऊ द्या, आबा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मुलगा खाली मान घालून बसला होता. खिशातला फोन वाजला की दचकत होता.

घटनास्थळासमोर पंक्चरचं दुकान होतं. त्या मालकाने आदल्या संध्याकाळी आमच्या हवालदाराला सांगितलं होतं, की एकच आवाज झाला, टायर फुटल्यासारखा. मी सविस्तर जबाब घ्यायला गेलो, तर त्याच्या तोंडी तीन राउंड, काळी मोटरसायकल आणि तोंडाला रुमाल बांधलेले दोघे!

"काल तर टायर म्हणाला होता?"

"काल टीव्ही कुठं बघितला हुता, सायेब?"

मला हसू आलं, पण माणूस खोटारडा नव्हता. त्याला खरंच तसं आठवत होतं. आजूबाजूच्या दुकानांतूनही तेच तीन राउंड ऐकायला मिळाले. जागेवर मात्र झाडलेल्या गोळीची एकही पुंगळी नाही, भिंतीवर ओरखडा नाही. डॉक्टरांचं म्हणणं, गोळी मांडीत वरून शिरून गुडघ्याच्या वर बाहेर पडली आहे. समोरून झाडलेली गोळी अशी उभी कशी उतरेल? वरिष्ठांचे फोन येत होते, फाटकाबाहेर कॅमेरे उभे होते आणि सगळ्यांचा प्रश्न एकच होता, अटक कधी?

जखमीला आधी कोणाची धमकी आली होती का, हे विचारायला मी दुपारी भांडगावला त्याच्या आईकडे गेलो. म्हातारी घटापुढे बसली होती. रडून डोळे सुजलेले, तरी सणाचा दिवस म्हणून तिने माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली.

"धमकी कुणाची न्हाई, सायेब. ह्यो देवीचा कोप हाय. काल कोयता, कुऱ्हाड, ट्रॅक्टरची चावी, समदं पूजेला मांडलं हुतं. त्येचं ते बी मांडलं. म्हणलं, पूजेतलं हत्यार आज उचलू नगं, शिलंगणाला उचल. ऐकलं न्हाई. कंबरंला लावलं आन् गेला."

"त्याचं काय, मावशी?"

"पिस्तूल," ती म्हणाली. कोयता म्हणावं तितक्या सहज. बिनपरवाना पिस्तूल म्हणजे गुन्हा, हे तिच्या गावीही नव्हतं. पूजेतलं हत्यार उचललं, हाच तिच्या लेखी गुन्हा.

मी तडक दवाखाना गाठला. सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावलं.

"पूजेतलं हत्यार कुठंय?"

त्याने नजर छताकडे वळवली. मग म्हणाला, "गाडीतून उतरताना कंबरंतच उडालं, सायेब. पोरांम्होरं लाज वाटली."

"आणि त्या मुलाचं नाव?"

"टीव्हीवाल्यानं इचारलं, संशय कुणावर हाय? घाटातलं भांडण तोंडात आलं."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मला त्याचा संताप आला. लाज याची, आणि ती झाकायला इज्जत दुसऱ्याची!

हत्यार त्याच्या मित्राने गोठ्यात कडब्याखाली लपवलं होतं. गावठी कट्टा, मुठीला अजून हळदकुंकू लागलेलं. ते पाहून पंचांपैकी एकाने आधी हात जोडले, मग पंचनाम्यावर सही केली. बेकायदा शस्त्र आणि खोटी फिर्याद अशी दोन्ही कलमं जखमीवर लागली.

चॅनेलने 'गोळीबाराचा बनाव उघड' अशी बातमी दिली, नाही असं नाही. त्यात त्या मुलाचा उल्लेख नव्हता. मी वार्ताहराला फोन केला. बिचारा काही दुष्ट नव्हता. पहिला व्हिडिओ आपला गेला नाही तर दुसऱ्याचा लागतो, या भीतीत जगणारा. तो म्हणाला, "साहेब, त्याने काही केलं नाही, याची बातमी कशी करायची?"

एक गोष्ट मी या प्रकरणात शिकलो. साक्षीदाराला काय पाहिलं हे विचारण्याआधी, कालपासून टीव्हीवर आणि फोनवर काय पाहिलं, ते विचारायचं. पुढे निवृत्त होईपर्यंत मी हे पाळलं आणि नव्या पोरांनाही सांगत आलो.

मुलाचं मात्र काहीतरी करायला हवं होतं. मी वर्दीत कवठ्याला गेलो. देवळावरच्या भोंग्यावरून पंचायत पाणी सुटल्याचं सांगते, त्याच भोंग्यावरून मी त्याचं नाव घेऊन सांगितलं, की या मुलाचा गुन्ह्याशी काडीचाही संबंध नाही. लोक जमले, कोणी त्याच्या पाठीवर थाप मारली. मला बरं वाटलं.

नंतर आबांच्या ओट्यावर चहा झाला. पाटसचं काय झालं, मी विचारलं. आबांनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "त्यांनी दुसरं स्थळ बघितलं, सायेब. तुमचं उपकार हायेत, न्हाई म्हणत न्हाई. पर ह्यो भोंगा गावाच्या शिवंपातूर ऐकू जातो. टीव्ही पाटसला बी दिसतो."

गुन्हा उघडकीला आला होता, खरा आरोपी सापडला होता. तरी त्या ओट्यावर मला आबांच्या नजरेला नजर देता येईना.