दोन डाव्या बाह्या

ताई आणि तिचा धाकटा भाऊ मिळून शिवणकामाचं दुकान चालवत. टेबलावर कापड पसरायचं ताईने, कात्री चालवायची भावाने. भांडणंही त्याच टेबलावर व्हायची आणि संध्याकाळपर्यंत मिटायची.

त्या दिवशीचं भांडण मात्र गिऱ्हाइकासमोर झालं. दातांच्या डॉक्टरीणबाई कोट घालून बघायला आल्या होत्या. ताई बाह्या टाचायला गेली, तर दोन्ही डाव्या हाताच्या निघाल्या.

"कात्री हातात आली की आमच्या शहाण्याचं डोकं रजेवर जातं," ताई म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. भाऊ हसला नाही. त्या गेल्यावर त्याने कात्री खुंटीला अडकवली. "कपड्यांच्या कारखान्यात माणूस हवाय. उद्यापासून तुझं तू बघ." आणि तो तडक घरी गेला.

दुपारी टेबल आवरताना बाह्या कापून उरलेले काठ तसेच एकावर एक ताईच्या हाती लागले आणि तिला सकाळचं आठवलं. बाह्यांचं कापड दुमडून मांडतात, म्हणजे एक उजवी निघते, एक डावी. सकाळी डाग शोधायला तिने घडीवरच कापून दोन तुकडे केले होते. परत मांडताना एक उलटा ठेवायचा सोडून ते दोन्ही सुलटेच एकावर एक ठेवले होते. भावाने तिच्या मांडणीवर डोळे झाकून भरवसा ठेवला, एवढाच त्याचा गुन्हा.

घरी आईचा एक नियम होता. प्रार्थनेआधी जेवण नाही, आणि कुणी कुणावर रुसलेलं असेल तर प्रार्थना नाही. लहानपणी पोटात कावळे ओरडू लागले की दोघांनाही माफी आपोआप सुचायची. माफी कशीही मागून चालायचं नाही. ज्यांच्यासमोर बोललात, त्यांच्यासमोरच शब्द परत घ्यायचे. कॉलेजात गेल्यावर भावाचा देवावरचा विश्वास उडाला, तेव्हा त्याने आईला छेडलं होतं, "आम्ही भांडलो तर देवाला काय फरक पडतो गं?"

"त्याला नाही पडत," आई भाजी निवडता निवडता म्हणाली होती. "पण त्याच्यासमोर खोटेपणाने बसायची सवय लागली, की माणसांसमोर तसं बसणं फारच सोपं होतं."

संध्याकाळी ताईने स्वयंपाकघरातच सांगून टाकलं, "चूक माझी होती रे. दोन्ही तुकडे मीच सुलटे मांडले."

"बरं," भाऊ म्हणाला, पण वर बघितलं नाही.

"डॉक्टरीणबाईंना कोण सांगणार?" आईने विचारलं.

"उद्या सांगते ना. आता दवाखाना माणसांनी भरलेला असेल."

 आईने ताटं घेतलीच नाहीत.

ताईने चपला घातल्या. भाऊ मागोमाग निघाला. "मी फक्त गंमत बघायला येतोय," तो म्हणाला.

दवाखान्यात गाल धरून बसलेली माणसं होती. डॉक्टरीणबाई दारात आल्या, तशी ताई सगळ्यांसमोरच म्हणाली, "बाई, बाह्या माझ्यामुळे बिघडल्या. कापड मी चुकीचं मांडलं होतं. याला उगाच बोलले."

"एवढं सांगायला आलात?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, दाढ दुखतेय."

भाऊ पुढे झाला. "कोटाला जरा उशीर होईल. उरलेल्या कापडातून जोड देऊन मी उजवी बाही कापतो. शिवण आतल्या बाजूला जाईल, दिसायची नाही."

परतताना ताईने हळूच विचारलं, "आणि कारखाना?"

"तिथं टोमणे मारायला कोण आहे? झोप लागेल मला."

आई वाट बघत बसली होती. भाऊ शेजारी येऊन बसला. "मी डोळे मिटणार नाही हं."

"नको मिटूस. पण हळू आवाजात तरी प्रार्थना म्हण, भात गार होतोय."

तो खरंच म्हणू लागला, अर्धे शब्द विसरत. ताईने डोळे मिटले. देवाचे आभार मानायचे म्हणून तिने मनाशी सुरुवात केली, पण आधी आईचेच मानून झाले. देव रागावणार नाही, असं तिला वाटलं.