तोंड नसलेला पतंग

किस्से कसे साठतात बघा. माणूस रोज समोर असतो तोवर त्याच्या बोलण्याकडं आपलं अर्धं लक्ष. तो यायचा बंद झाला, की चहाच्या प्रत्येक कपाला एक किस्सा निघतो! आमच्या कॉलेजच्या झूलॉजी डिपार्टमेंटमध्ये सध्या तेच चाललंय. लॅब अटेंडंट साळवे मामा यायचे बंद झालेत. आता उरलोय हेड सर, मी आणि पेट्यांमधली फुलपाखरं. त्यात मी तासिका तत्त्वावरची, म्हणजे असून नसल्यासारखीच.

*

पेटीतलं प्रत्येक फुलपाखरू टाचणीवर असतं आणि त्याच्या खाली नखाएवढं लेबल. कुठं सापडलं, कधी, कुणाला. लेबल नसेल तर फुलपाखरू कितीही देखणं असो, अभ्यासाला शून्य कामाचं. ही सगळी लेबलं मामांनी लिहिलेली, पेन्सिलीनं, तांदळाएवढ्या अक्षरात. फुलपाखरंही त्यांनीच धरलेली. गारखेड्यात बिल्डिंगी व्हायच्या आधी तिथल्या ज्वारीच्या रानात, सिल्लोडच्या रस्त्याला, कुठंकुठं जाळी घेऊन हिंडायचे. पण लेबलावर नाव सरांचं. तशी पद्धतच होती.

त्यात हळदीकुंकू नावाचं एक फुलपाखरू आहे. पंखांवर पिवळं, कडेला लालभडक ठिपके. इतक्या वर्षांत रंग उतरलेला नाही. एकदा हेड सरांनी त्याचं लेबल वाचलं आणि चमकलेच.

"मामा, अहो या तारखेला तर माझं लग्न होतं!"

"व्हय सर," मामा काच पुसत म्हणाले, "तुम्ही बोहल्यावर होता. काम कुणीतरी करायलाच पाहिजे ना!"

*

बिबळ्या कडवा म्हणून एक केशरी फुलपाखरू असतं. ते कडू लागतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. छोटा चांदवा मात्र अजिबात कडू नसतो. त्याचा नर काळा, त्यावर पांढरे चंद्र. पण मादी? हुबेहूब बिबळ्या कडव्याचं सोंग घेऊन फिरते आणि जीव वाचवते. मी हे वर्गात रंगवून सांगत होते. पोरांच्या डोक्यात काही शिरेना.

मागून मामा म्हणाले, "लई सोपं आहे रे! आपल्या मॅडम बघा. साडी पर्मनंटसारखी, पर्स पर्मनंटसारखी. आतून कंत्राटी!"

अख्खा वर्ग हसला. मीही हसले. मग स्टाफरूममध्ये जाऊन जरा रडले, ते जाऊ द्या. पण परीक्षेत ते उत्तर एकाचंही चुकलं नाही.

*

पेट्यांना कीड लागते. बारीक किडे आत शिरतात, अंग खातात आणि नुसते पंख खाली पडलेले सापडतात. त्यासाठी डांबराच्या गोळ्या लागतात. एक वर्ष त्या आल्याच नाहीत. मामांनी काय करावं? खिशातली तंबाखूची पुडी काढली आणि प्रत्येक पेटीच्या कोपऱ्यात चिमूट चिमूट ठेवून दिली. कीड गायब!

मी म्हटलं, "मामा, दोन दिवसांत किडे मेले. आणि हेच तुम्ही दिवसभर तोंडात धरता?"

"मग बरंच आहे की," मामा म्हणाले, "माझ्या तोंडात एक बी किडा नाय!"

इतकी हसले होते मी. आठवलं की आता स्वतःचाच राग येतो.

*

मामा सासुरवाडीला सोयगावला गेले होते, तिथं बोरीच्या फांदीला लटकलेला एक कोष सापडला. लिंबाएवढा, टणक. आणून लॅबच्या खिडकीत बांधला. एका सकाळी त्यातून टसर रेशमाचा पतंग निघाला. बदामी रंगाचा, तळहाताहून मोठा, चारही पंखांवर काचेच्या खिडकीसारखा एकेक डोळा. मामा चहा विसरून बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासमोर साखरपाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा ठेवू लागले. पतंग काही त्याला शिवेना. मामांना घोर लागला.

मी म्हटलं, "मामा, तो खाणार नाही. त्याला खायला तोंडच नसतं."

"तोंड नाय? मग जगतो कशावर?"

"अळी असताना जे खाल्लं, त्यावर. तेवढं संपलं की संपलं."

मामांनी जरा विचार केला. "म्हणजे पेन्शनवर!"

आठवडाभरानं तो पतंग मेला. मामांनी त्याचे पंख नीट पसरून टाचणी लावली. लेबल लिहिलं. सोयगाव, बोरीवर, तारीख. नाव सवयीनं सरांचंच.

*

मग मामांचं तोंड उघडेना. आधी तोंडात तीन बोटं जायची, मग दोन, मग एक. गालात आतून जखम होती. दवाखान्यात जा म्हटलं की म्हणायचे, "एवढ्या पेट्या नीट लावतो, रिटायर होतो, मग जातो." आम्ही रोज एकदा आठवण करून द्यायचो आणि कामाला लागायचो. आमचा गुन्हा तोच!

निरोपाच्या कार्यक्रमात सरांनी पेढा भरवायला हात पुढं केला. मामांनी तो हातात घेतला, कागदात गुंडाळला आणि वरच्या खिशात ठेवला. "घरी खातो, सर." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटोत तो खिसा फुगलेला दिसतो.

*

ऑपरेशन झालं. निम्मा जबडा गेला, बोलणं गेलं. मागच्या रविवारी मी गारखेड्याला त्यांच्या घरी गेले. जाताना सरांची परवानगी काढून टसरची ती पेटी नेली. रात्री बसून नवीन लेबल लिहिलं होतं. सोयगाव, बोरीवर, तारीख. आणि नावापुढं, त्या सगळ्या पेट्यांमध्ये पहिल्यांदाच, 'साळवे मामा'.

सोबत डाळिंबाचा ज्यूस होता. मामी दारातच म्हणाल्या, "तोंडानं काय बी जात नाय हो, मॅडम. नाकातल्या नळीनंच."

मामा उशाला टेकून बसले होते. पेटी मांडीवर घेतली. चष्मा लावून लेबल वाचलं, परत वाचलं. मला वाटलं, आता तारखेत चूक काढणार. त्यांनी खुणेनं पेन्सिल मागितली. उशाखालून लेबलाचा एक कोरा तुकडा काढला, अजून तोच नखाएवढा कापलेला! बराच वेळ लावून लिहिलं आणि माझ्या हातात दिलं.

अक्षर तेच, तांदळाएवढं.

"दोघं बी पेन्शनवर."