माळीबुवांच्या नाकाची बाग

प्रयोगशाळेत सगळे त्यांना माळीबुवा म्हणत, पण त्यांच्या बागेत झाड एकही नव्हतं. अंगाच्या उबेइतकं ऊबदार कपाट, त्यात प्लॅस्टिकच्या इवल्या पेल्यांमध्ये वाढणाऱ्या माणसाच्या पेशी, आणि त्यांना वेळच्या वेळी पाजायचं गुलाबी पाणी. एवढीच त्यांची शेती.

"घरच्या कुंड्या वाळून कोळ झाल्या, आणि हे परक्यांच्या पेशींचे लाड करतायत," बायको म्हणायची.

या खेपेला मात्र पेशी परक्यांच्या नव्हत्या. सर्दीच्या विषाणूवर प्रयोग करायला प्रयोगशाळेच्या मॅडमना नाकातल्या पेशी हव्या होत्या. माळीबुवांची जीभ नाही म्हणायला जन्मात कधी रेटली नव्हती. त्यांनी स्वतःचं नाक पुढे केलंच, वर मेहुण्यालाही ओढत आणलं.

इकडे लेकीला मुलगी होऊन तीन महिने उलटले होते. आजीआजोबांनी नात पाहिली ती फोनच्या पडद्यावर. जायचं ठरलं, की मॅडम म्हणायच्या, "एवढा रविवार काढा ना," आणि माळीबुवा रविवार काढायचे. बायकोने आता बोलणंच सोडलं होतं. तिचं बोलणं परवडलं, गप्प बसणं फार लागायचं.

पेशी वाढल्या, त्यांच्यावर बारीक केस उगवले. मायक्रोस्कोपखाली ते वाऱ्यावरच्या गवतासारखे लहरत. माळीबुवा तासन्‌तास बघत बसत. आपण इथे स्टुलावर, आणि आपलं नाक तिथे डुलतंय!

मग दोन्ही नाकांच्या पेशींवर त्यांनी स्वतःच्या हाताने विषाणूचा थेंब सोडला.

"हा पाहुणा नुसती आरएनएची फीत घेऊन येतो," मॅडम म्हणाल्या. "चूल, भांडी, शिधा, आचारी, सगळं यजमानाचं!"

दुपारी कपाटाच्या मंद घरघरीत माळीबुवांचा डोळा लागला आणि ते अलगद स्वतःच्याच पेशीत उतरले. आत भलं मोठं स्वयंपाकघर होतं. फिती वाचून प्रथिनं रांधणारे रायबोसोम नावाचे आचारी ओळीने बसलेले, आणि प्रत्येकाला माळीबुवांचंच तोंड! घरातल्या फिती येत होत्या, त्यांतच एक परकी फीत तरंगत आली.

"अरे, ही कुणाची?" माळीबुवा ओरडले.

"कुणाची का असेना. वाचता येतेय ना? मग रांधायचं," आचारी म्हणाला.

त्या फितीवरून रांधलेल्या पहिल्याच पदार्थांत एक कात्री निघाली. घरच्या फिती ज्या चिमट्याने धरून वाचायच्या, तो तिने कचकन कापला. आता वाचली जाई ती पाहुण्याची फीत. तिच्या नकला निघाल्या, नकलांच्या नकला निघाल्या, पाहुण्यांच्या गर्दीने भिंती फुगल्या.

"अहो, नाही म्हणा त्याला!"

आचारी कसनुसा हसला. "नाही म्हणतात म्हणजे काय करतात?"

दुसऱ्या दिवशी माळीबुवांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. त्यांच्या बागेतलं गवत पार आडवं झालं होतं. मेहुण्याच्या बागेचा मात्र एकच कोपरा गेला होता.

"मेहुण्यांच्या पेशींनी मरता मरता शेजाऱ्यांना सावध केलं असावं," मॅडम म्हणाल्या. "मग शेजाऱ्यांनी चुलीच विझवल्या. पाहुण्याचं रांधायचं नाही, घरचंही नाही."

निकाल ऐकायला मेहुणा मुद्दाम आला होता. "ताई मला आळशी म्हणते! भावोजी, बघा, आमच्या पेशींनी आळशीपणावर जीव वाचवला."

"एका प्रयोगाने काही सिद्ध होत नाही हं," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा करून बघू. माळीबुवा, एवढा रविवार काढाल ना?"

माळीबुवा आडव्या झालेल्या गवताकडे बघत राहिले.

"नाही," ते म्हणाले.

मॅडमनी असं पाहिलं, जणू कपाटच बोललं. "मग पेशींना पाणी?"

"तुम्ही पाजा. अंगाच्या उबेला आणायचं, घाई करायची नाही."

बाहेरच्या जिन्यावर येऊन त्यांनी बायकोला फोन लावला. "सामान बांध. उद्या लेकीकडे निघायचं."

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ताप तर नाही ना आला तुम्हाला?"

माळीबुवांनी खरोखरच कपाळाला हात लावून पाहिला.