विरजण न लागलेलं मडकं

मरोळला आमच्या छोट्या कारखान्यात मातीत चांदीचे अतिसूक्ष्म कण मिसळून पाण्याची मडकी बनवतात. चांदीमुळे पाण्यातले जंतू मरतात. असंच एक मडकं वापरून बघायला मी गोवंडीतल्या एका आजींना दिलं. त्यांच्या नातीला नुकताच टायफॉइड होऊन गेला होता. आजींचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी प्रयोगशाळेचा अहवाल पुढे केला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, नीट घडी घातली आणि परत दिला. "कागद तुझा आहे रे, नात माझी आहे."

आठवड्याने गेलो तर मडक्यात दूध!

"आजी, वाट लावलीत ना मडक्याची!"

त्यांनी शांतपणे शेजारच्या स्टीलच्या डब्याचं झाकण काढलं. दोन्हीकडे तेच दूध, तेच विरजण. डब्यात घट्ट दही लागलं होतं, मडक्यातलं दूध अजून पातळच होतं.

"चांदी खरी आहे तुझी, विरजणातले जंतूही मारले तिने," त्या म्हणाल्या.

मग मडकं घासूनपुसून त्यांनी पाण्याने भरलं. थोड्या वेळाने पेला बुडवला. नात पुढे आली, तिला हाताने मागे सारलं. "आधी चार दिवस मी पिणार. मग तू."

मीही एक पेला मागून घेतला. इतकी मडकी बनवली, पण त्यातलं पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा प्यायलो.