लाल ठिपक्यावरचा बेस

आमच्या बँजो पार्टीत बेस मी वाजवतो. बेस म्हणजे कानापेक्षा छातीत घुमणारा खालचा आवाज. तो काढणारं माझं जुनं सिंथ मशीन लई जड. टेम्पोत चढवायला दोघं लागतात. पार्टी आता जावई चालवतात. भोंगवलीच्या हळदीला आठ दिवस राहिले, तेव्हा ते लॅपटॉप घेऊन माझ्या अंगणात आले.

"मामा, मशीन आता ठिवून द्या. ह्यात सॉफ्टवेअर टाकलंय. शंभर बेस निघत्यात."

"शंभर कशाला? मला एकच लागतो."

तो एक माझ्या बायकोनं ठरवलेला. लहानपणी तापात तिचे कान गेले. बोललेलं ओठांवरून ओळखायची, गाणं मात्र तिला कधी कळलंच नाही. मशीन आणलं त्या दिवशी तिनं स्पीकरच्या बॉक्सवर तळहात टेकला. मी गोल बटन हळूहळू फिरवत होतो. एका जागी तिनं माझं मनगट धरलं. "हितंच. हाडात लागतंय." लेकीचं नेलपेंट आणून त्या जागी लाल ठिपका दिला. तिथून पुढं प्रत्येक गाणं आधी तिच्या तळहाताला, मग लोकांना. तिला जाऊन वर्ष झालं. लोक म्हणतात, आता विसरा. का विसरू?

जावई म्हणाले, "डोळं झाका. तुमचा कुठला, सांगा."

मी बॉक्सवर हात ठेवला. त्यांनी मशीन आणि लॅपटॉप एकेकदा वाजवले. दुसऱ्यांदा हाडात लागलं.

"ह्यो माझा!"

"मामा, ह्यो लॅपटॉप व्हता."

दारातली लेक फिसकन हसली आणि चटकन आत वळली. मला राग आला तो माझ्याच हाताचा. खोटं कशाला बोलू? बेस चांगला होता. वेल्ह्याच्या एका लग्नात भिजल्यापासून माझं बटन खरखरतं, आणि कापूरहोळचा मिस्त्री म्हणतो पार्ट मिळत नाही. लॅपटॉपात खरखर नव्हती.

"मंग ठरलं?" जावयांनी विचारलं.

"आवाज सारखाच हाय न्हवं?"

"व्हय."

"मग माझंच का काढायचं?"

"आवो, जड हाय ते! उचलायचं कुणी?"

"एक बाजू मी धरतो, दुसरी तुमी धरा. तिला नेताना खांदा दिलात. तिच्या ठिपक्याला एक हात द्या."

त्यांनी मशीनची एक बाजू उचलून वजन बघितलं. मग लॅपटॉप मिटत म्हणाले, "ह्यो बी संगं घेतो. तुमचं बंद पडलं तर?"

"घ्या की. बसायला जागा द्या त्याला."

भोंगवलीत मशीन आम्ही दोघांनी उतरवलं. ठिपका आता निम्मा उडालाय. लेक म्हणाली, पुन्हा लावून देते. नको म्हणालो, बोटाला जागा माहीत आहे. बटन फिरवलं. खरखर झाली, चार माणसांनी मागं वळून बघितलं. बघू दे. मी बॉक्सवर तळहात टेकला आणि हाडात लागेपर्यंत हळद थांबवून धरली.